अव्वांचं पारणं आणि लाल चौकोन

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अव्वांनी उपवास सोडायला नकार दिला.

अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस होता. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तर, वजन फार तर चाळीस किलो. आदल्या दिवशी त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. सकाळी मंदिरातून अभिषेक करून आल्या की पारणं, आणि पारण्याची पहिली वाटी जावयाच्या हातून, अशी जयसिंगपूरच्या या जैन घराची पद्धत होती. त्यामुळे मी मुगाच्या गरम कढणाची वाटी धरून स्वयंपाकघरात उभा होतो. समोर पाट मांडलेला होता, रांगोळी घातलेली होती, आणि पाटावर कुणी नव्हतं.

अव्वा बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या कपाटापुढे मांडी घालून बसल्या होत्या. कपाटामागची चटई ओढताना आतले काही प्लास्टिकचे खोके खाली पडले होते. ते त्यांच्या नातवाचे, सन्मतीचे, व्हिडिओ गेमचे खोके. अव्वांनी ते एकेक करून उलटेसुलटे पाहिले होते आणि आता दोन खोके बाजूला काढून, पदरही लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवले होते.

"घरात मांसाहारी वस्तू हाय," त्या म्हणाल्या. "ती हाय तवर मी तोंडात पाणी घेणार न्हाई."

माझा मेव्हणा सुकुमार दाढी करता करता बाहेर आला. अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

"कोण मांसाहारी?"

"हे." अव्वांनी बोटानं दाखवलं. "लाल खूण हाय."

वाटी घेऊन मी दाराशी आलो होतो; मला दोन्ही खोके दिसत होते. खालच्या कोपऱ्यात लाल चौकोन, त्यात पांढऱ्या आकड्यांत अठरा.

अव्वांना इंग्रजी वाचता येत नसे. पण बाजारातून आलेली प्रत्येक बंद वस्तू त्या खिडकीशी नेऊन तपासत. बिस्किटं, चॉकलेट, शेवयांची पाकिटं, काहीही. हिरवा ठिपका म्हणजे आपलं, लाल म्हणजे बाहेरच्या बाहेर परत. हे त्यांना माझ्या बायकोनंच, त्रिशलानंच, शिकवलं होतं. ती आता माझ्याशेजारी उभी राहून ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती.

"अव्वा, ही खायची वस्तू न्हाई," सुकुमार म्हणाला. "टीव्हीच्या यंत्रात घालायची चकती हाय."

"मग खूण कशाला घातल्यात?"

"खूण न्हवं ती. नंबर हाय. अठरावा भाग."

अव्वांनी तिसरा खोका उचलला. त्यावर फुटबॉलपटूचं चित्र होतं आणि हिरव्या चौकोनात तीन. "आणि हे?"

"तिसरा भाग."

"मग मधलं कुठं हायत? तिसऱ्यानंतर एकदम अठरावा आणलासा?"

सुकुमारचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला न चिडता उत्तर द्यायची त्याला सवय होती. या प्रश्नावर मात्र तो गाल पुसू लागला.

तेवढ्यात पद्मजा हात पुसत स्वयंपाकघरातून आली. सुकुमारची बायको. ती घरीच गणिताची शिकवणी घेत असे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तिची मुलं दरवर्षी झळकत.

"भाग नाही हो तो," ती नवऱ्याला म्हणाली. "पातळी आहे. तीन म्हणजे बालवाडीचं, अठरा म्हणजे कॉलेजच्या मुलांचं. किती अवघड ते कळावं म्हणून लिहितात."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आकडा आहे समोर. सांगलीच्या दुकानात तो माणूस सन्मतीला तीनचं देत होता. मी म्हटलं, हा पाचवीत असताना सातवीचे पेपर सोडवत होता, त्याला तीनचं काय देता? दुकानदार म्हणाला, मॅडम, अठराचं आहे हे, मुलगा लहान आहे. म्हटलं, तुम्ही मुलाला ओळखत नाही."

हे सांगताना तिचा आवाज किंचित वर गेला. त्यात अभिमान होता.

सन्मती सोफ्याच्या हातावर बसला होता. अकरा वर्षांचा, सहावीतला, चुरूचुरू बोलणारा मुलगा. आज मात्र इतका वेळ तो एक शब्दही बोलला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं.

"पातळी असू दे न्हाईतर भाग असू दे," अव्वा म्हणाल्या. "लाल खूण कशाला?"

"कढण निवतंय," त्रिशला माझ्या कानाशी म्हणाली आणि वाटी माझ्या हातातून काढून गॅसकडे गेली.

सुकुमारनं आवाज मऊ केला. "अव्वा, काल सकाळपास्नं तोंडात काही न्हाई तुझ्या. चक्कर येईल. आधी पारणं कर, मग बसून बोलू."

"चक्कर आली तर तुझं दुकान हाय की."

त्या मग खोके लावू लागल्या. हिरवे चौकोन डावीकडे, लाल उजवीकडे. एक खोका राहिला. त्यावर मोटारी होत्या आणि नारिंगी चौकोनात बारा. अव्वांनी तो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला.

"ह्यो कुठला रंग?"

"नारिंगी," मी म्हणालो.

"म्हंजे अंड्याचं असंल," असं म्हणून त्यांनी तो दोन्ही राशींच्या मधोमध ठेवला.

परत आलेल्या त्रिशलाला हसू आवरेना. ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

आता सन्मती बोलला. "अव्वा, शाकाहारीची खूण नीट बघ की. चौकोनात ठिपका असतो. गोल. इथं गोल कुठं आहे?"

वकिली चांगली होती. सुकुमारनं मान हलवून दाद दिली. अव्वांनी लाल खोका न उचलताच त्यावर वाकून पाहिलं.

"आठ लिवलाय न्हवं? आठात एक सोडून दोन गोल हायत."

सन्मतीनंही वाकून आकडा पाहिला.

"पाव्हणं," अव्वा माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पेपरातलं. दिवसभर वाचायचंच काम तुमचं. ह्याच्यावर काय लिवलंय ते वाचा आणि खरं काय ते सांगा. तुम्ही म्हणशिला ते मी ऐकतो."

आमच्या भागात बायकाही 'मी ऐकतो', 'मी येतो' असंच म्हणतात. पण त्या वाक्यातला भार वेगळा होता. मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दुपारी तीनची पाळी होती. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी छापायची नाही, एवढं एकच तत्त्व मी तिथं शिकलो होतो. आणि अठराचा अर्थ मला ठाऊक नव्हता. अंदाज होता. सुकुमार मागून डोळ्यांनी खुणावत होता: दाजी, काहीतरी सांगा आणि मोकळं करा.

मी चष्मा लावला आणि खोक्याची मागची बाजू वाचू लागलो. मजकूर कथेबद्दल होता. खाली बारीक चौकोनांत चित्रं होती.

"एक मूठ आहे," मी म्हणालो. "आवळलेली."

"जिद्द," पद्मजा म्हणाली. "असे खेळ खेळून जिद्द वाढते म्हणतात."

"बोलण्याचा फुगा आहे. आत काही वेडीवाकडी चिन्हं आहेत."

"संभाषण. सगळं इंग्रजीत असतं ना. त्याचं इंग्रजी खरंच सुधारलंय, भाऊजी."

"आणि कोळी आहे."

"कोळी म्हंजे?" अव्वांनी विचारलं.

"किडा. जाळं विणणारा."

"म्हंजे किडं पण हायत," अव्वा म्हणाल्या, आणि उरलेला लाल खोका पायानं आणखी वीतभर लांब सारला.

मी चष्मा काढला आणि खोका खाली ठेवला. "अव्वा, मला नक्की सांगता येत नाही. मांस तर नक्कीच नाही. पण पद्मजा म्हणते तसं आहे का, ते मला ठाऊक नाही."

"मग कुणाला ठाऊक हाय?"

मी सन्मतीकडे पाहिलं. तो खोक्यांकडे पाहत नव्हता. तो टीव्हीखालच्या यंत्राकडे पाहत होता, गावाला निघालेल्या माणसाकडे पाहावं तसा. अव्वांनी माझी नजर टिपली.

"सन्मती, इकडं ये."

तो आला आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसला.

"दर रविवारी पाठशाळेत जातोस न्हवं? खरं बोलायचं व्रत घेतलाईस न्हवं? तुला ठाऊक हाय ह्याचा अर्थ?"

दाराबाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. सन्मतीनं आधी आईकडे पाहिलं.

"अठरा म्हणजे अठरा वर्षं," तो म्हणाला. "अठरा पूर्ण झालेल्यांनीच खेळायचा. मूठ म्हणजे मारामारी. फुगा म्हणजे शिव्या. कोळी म्हणजे भीती वाटेल असं काहीतरी."

पद्मजा सोफ्यावर बसली.

"आणि तीन?" सुकुमारनं विचारलं.

"तीनच्या पुढचं कुणीही. तुम्हीसुद्धा. अवघड-सोपं असं काही नसतं, पप्पा. तो फुटबॉल तर सगळ्यात अवघड आहे."

"तू मला सांगितलं का नाहीस?" पद्मजाचा आवाज एकदम खाली आला होता.

"तू विचारलंच नाहीस. दुकानातले काका सांगत होते, त्यांना तू थांबवलंस. मला वाटलं, आईच म्हणते अठराचं द्या, तर चालत असेल." मग त्याला व्रताची आठवण झाली असावी. "म्हणजे, चालत नाही हे मला ठाऊक होतं. पण तू एवढी खूश होतीस."

मला राहवलं नाही. "तुझ्या वर्गात आणखी कुणाकडे आहेत अठराचे?"

"बऱ्याच जणांकडे, मामा." आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात.

"आणि त्यांच्या घरी ठाऊक आहे?"

"ओजसच्या पप्पांना वाटतं, अठरा जणांनी मिळून खेळायचा असतो. ते म्हणतात, बरं आहे, मित्र होतात. आणि ऋजुताच्या आईला वाटतं अठरा तासांचा खेळ आहे. ती रोज एकच तास देते, म्हणजे अठरा दिवस पुरेल."

सुकुमार हसला आणि पद्मजाकडे पाहून लगेच थांबला. ती मात्र स्वतःच हसायला लागली, कपाळावर हात मारून. "सातवीचे पेपर सोडवतो म्हणून सांगितलं मी त्या माणसाला. काय वाटलं असेल त्याला."

"तर मग झालं," सुकुमार म्हणाला. "अव्वा, मांसाहारी न्हाई हे. वयाची खूण हाय. आता चल पाटावर."

त्रिशला दुसऱ्यांदा गरम केलेलं कढण घेऊन दारात उभी होती. मी वाटी घ्यायला हात पुढे केला. अव्वा उठल्या नाहीत.

"तुझ्या दुकानात लाल रेघंची गोळी असती," त्या सुकुमारला म्हणाल्या. "ती पोरानं मागितली तर देतोस?"

"तसं कसं देणार? डॉक्टरची चिठ्ठी लागती त्याला."

"मग." त्यांनी एक लाल खोका परत हातात घेतला आणि सन्मतीपुढे धरला. "हे लाव बघू. काय हाय ते बघतो मी."

"आता?" सन्मतीनं विचारलं.

"मग काय, पारण्यानंतर? खाल्लेलं वर यायला?"

सुकुमारनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. सन्मतीनं चकती घातली.

पडद्यावर कुठल्याशा परक्या गावातलं कौलारू छप्पर आलं. त्यावरून एक सैनिक वाकून चालत होता. तो सैनिक म्हणजे सन्मती, हे अव्वांना समजावून सांगावं लागलं. दोन माणसं समोरून धावत आली, गोळ्यांचा आवाज झाला आणि दोघं कोसळली. भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. पद्मजानं हे एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ती इतके दिवस आतल्या खोलीत शिकवत असे आणि आवाज कमी कर म्हणून ओरडत असे.

"मेली का ती?" अव्वांनी विचारलं.

"हो. पण अव्वा, त्यांनी आधी गोळी मारली. ही विरोधी हिंसा आहे. श्रावकाला चालते. पाठशाळेत गुरुजींनी सांगितलंय."

पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार शिकवतात. रांधता-झाडताना होणारी वेगळी, धंद्यात होणारी वेगळी. मुद्दाम ठरवून केलेली ती संकल्पी, ती श्रावकालाही, म्हणजे संसारी माणसालाही, अजिबात माफ नाही. आणि कुणी अंगावर आलं तर स्वतःला वाचवताना होणारी ती विरोधी. ती नाइलाजाची म्हणून सोडून देतात. सन्मतीचा मुद्दा शास्त्राला धरून होता. अव्वांनी तो नाकारला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढं चल."

सैनिक छपरावरून खाली उतरला. एका ओट्यावर एक पहारेकरी पाठ करून बसला होता. बंदूक भिंतीला टेकवलेली. तो थर्मासमधून पेल्यात काहीतरी ओतत होता. सन्मतीचा सैनिक मांजराच्या पावलांनी त्याच्या मागे गेला. हातात सुरा आला.

"थांब," अव्वा म्हणाल्या.

सन्मतीचं बोट बटणावर थांबलं.

"ह्यो काय करायलाय?"

"चहा पितोय."

"ह्यानं काय केलं तुला?"

"अजून काही नाही."

"करणार हाय?"

"मला बघितलं तर करेल."

"अजून बघितलं न्हाई न्हवं? मग चहा पिऊ दे की त्याला."

सन्मतीनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं बोट उचललं. खोलीत आम्ही पाच मोठी माणसं आणि एक मुलगा, एका पहारेकऱ्याचा चहा संपायची वाट पाहत राहिलो. त्यानं पेला शांतपणे संपवला, थर्मासचं झाकण लावलं, उठला, वळला, सन्मतीला पाहिलं, बंदूक उचलली आणि गोळी घातली. पडदा लाल झाला.

"आता मार," अव्वा म्हणाल्या. "आता विरोधी झाली."

"आता मीच मेलो, अव्वा."

"उठशील न्हवं?"

"उठेन. पण पहिल्यापासून सुरू करावं लागतं."

"आपलं बी तसंच असतंय," अव्वा म्हणाल्या.

सुकुमार आधी हसला, मग त्रिशला, मग सगळेच. सन्मतीही हसला, पण त्यानं यंत्र बंद केलं आणि चकती खोक्यात परत ठेवली. ते करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी नेतो दुकानात," सुकुमार म्हणाला. "माळ्यावर टाकतो. घरात नको."

"आजच न्ये," अव्वा म्हणाल्या. "आणि नारिंगी?"

"बाराचं आहे," सन्मती घाईनं म्हणाला. "नुसत्या मोटारी आहेत. मला फेब्रुवारीत बारा पूर्ण होतात."

अव्वांनी पद्मजाकडे पाहिलं. पद्मजानं खोका उचलला, मागची चित्रं या वेळी एकेक करून, मुलाला विचारत विचारत पाहिली आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. "फेब्रुवारीत खाली काढू."

अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पाटावर येऊन बसल्या आणि वाटीसाठी हात पुढे केले. कढण तिसऱ्यांदा गरम करावं लागलं होतं. त्यांनी डोळे मिटून पहिला घोट घेतला. मग म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

सुकुमार लाल खोके पिशवीत घालून बाहेर पडला, तेव्हा त्याचा एक गाल अजून दाढीचाच होता.

दुपारी कार्यालयात गेल्यावर मी मुलंबाळं असलेल्या सहकाऱ्यांना सहज विचारलं. आमच्या गुन्हे-वार्ताहराच्या मुलीकडे सोळा आकड्याचा खेळ होता. ते सोळा जीबी असावं, असं तो म्हणाला. मी बातमी दिली. ती पाचव्या पानावर, तळाला, निम्मी छापून आली.

पद्मजानं त्याच आठवड्यात शिकवणीच्या पालकांना बोलावलं आणि तोच फुटबॉलचा हिरवा खोका दाखवून सगळं सांगितलं. आपल्याच चुकीपासून सुरुवात केली, असं त्रिशला म्हणाली. त्यानंतर घरोघरी खेळ काढून घेतले गेले आणि काही महिने वर्गातल्या मुलांनी सन्मतीशी बोलणं टाकलं होतं.

याला आता बारा वर्षं होतील. पण गोष्ट त्या सकाळी संपली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. सन्मतीला अठरा पूर्ण झाली, त्या दिवशी मी जयसिंगपुरातच होतो. जेवताना पद्मजा म्हणाली, "आता नियमानं तुझे ते दोन खोके तुला मिळायला हरकत नाही."

"कुठल्या नियमानं?" अव्वांनी विचारलं.

"अठरा झाली ना, अव्वा."

"अठरा झाली म्हणून मांस शाकाहारी होतंय?"

तोवर आम्ही सगळे समजत होतो की त्या सकाळी अव्वांची समजूत चुकीची होती आणि निर्णय तेवढा बरोबर आला. त्या दिवशी मला दिसलं की त्यांनी आमची वयाची खूण कधी मान्यच केली नव्हती. आकडा वाढतो, त्या आकड्यापर्यंत माणूस पोचतो. रंगापर्यंत पोचायची काही सोय नसते. सन्मतीनं "बघू" म्हटलं आणि खीर मागितली. त्यानंतर तो पुण्याला शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला. खोके माळ्यावरच राहिले.

गेल्या महिन्यात सुकुमारचा फोन आला. सन्मती चार दिवसांच्या सुट्टीवर आला होता. सकाळी अव्वा मंदिरात गेलेल्या असताना त्यानं वडिलांकडे दुकानाच्या माळ्याची किल्ली मागितली.

"कशाला, विचारलंस का?" मी म्हणालो.

"विचारलं, दाजी. म्हणाला, एक बघायचंय. खोके टाकायला न्यायचेत का खेळायला, ते काही सांगितलं न्हाई."

"मग?"

"मग काय, किल्ली दिली. मोठा हाय आता. परवा पुण्याला परत गेला, आणि किल्ली अजून त्याच्याकडंच हाय."